केसपेपर कोणाचा? एका कागदाचा इतिहास

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात घरातलं माणूस गंभीर आजारी पडलं की पहिला प्रश्न येतो, न्यायचं कुठं? बेळगावातच ठेवायचं, मिरजेला न्यायचं, की घाट उतरून गोव्याला बांबोळी गाठायची? तीन राज्यांच्या हद्दी जवळजवळ असल्यामुळे एकाच आजारपणात दोन-दोन सीमा ओलांडणारे रुग्ण इथे नवीन नाहीत. माणूस गाडीत घालून नेता येतो. त्याच्या आजाराचा कागद मात्र बऱ्याचदा मागेच राहतो.

आपल्या मंडळात ताम्रपट, सनदा आणि मोडी रुमालांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा लेख त्या मानाने साध्या, पण प्रत्येक घरात येऊन गेलेल्या कागदाबद्दल आहे. तो म्हणजे केसपेपर. हा कागद कोणाचा, रुग्णाचा की दवाखान्याचा, या प्रश्नालाही इतिहास आहे.

घरातून दवाखान्यात

अठराव्या शतकातल्या आजारपणाच्या नोंदी आपल्याला मिळतात त्या पत्रव्यवहारात. थोरले माधवराव पेशवे क्षयाने खंगत १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. अशा आजारांची खबर कारकून, वकील, नातलग यांच्या पत्रांतून फिरत असे. बडोदा संस्थानात दीर्घकाळ नोकरी केलेल्या रियासतकार सरदेसाईंनी पुढे पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादित केले. तसल्या कागदांत शरीरप्रकृतीच्या बातम्या राजकारणाच्या शेजारीच बसलेल्या दिसतात. वैद्य घरी येई, औषध घरात तयार होई. काय दिलं आणि काय गुण आला, हे घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडे.

रुग्णालय आलं तशी ही रचना बदलली. गोव्यात १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा स्थापन झाली. मुक्तीनंतर तिचंच गोवा मेडिकल कॉलेज झालं. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांनी असंख्य जीव वाचवले, याबद्दल वाद नाही. पण रुग्ण आता संस्थेच्या खाटेवर होता आणि त्याची नोंद संस्थेच्या दप्तरात. भाषाही घरची राहिली नाही. गोव्याच्या शाळेत शिक्षण पोर्तुगीजमध्ये होई, ब्रिटिश मुलखात इंग्रजी. कागद हातात आला तरी घरात तो वाचणार कोण, हाही प्रश्नच होता.

डॉक्टर असलेला बाप

या इतिहासातला एक खटला सर्वांनी वाचावा असा आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. वडील दापोलीचे डॉक्टर. त्यांनी मुलाला पुण्याला एका शल्यविशारदाकडे नेलं. ९ मे रोजी मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६८ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला. भरपाई होती तीन हजार रुपये. भूल न देता जोर लावून हाड बसवलं, असा ठपका कायम राहिला.

वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्यात हा खटला आजही आधाराला घेतात. मला त्यात दिसते ती दुसरीच बाब. वडील त्या दिवशी तिथे हजर होते आणि काय चाललंय ते त्यांना कळत होतं. त्यामुळे त्यांची साक्ष न्यायालयात मोलाची ठरली. ज्या घरात डॉक्टर नाही त्या घराने काय करायचं? त्यांच्यासाठी केसपेपर हाच साक्षीदार, आणि तोच त्यांच्या हातात नसायचा.

१९९६ चा निकाल आणि राज्याची हद्द

नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असं ठरवलं. लगेच पुढे, जानेवारी १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात स्पष्ट केलं की रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतील. गोपनीयतेचं कारण सांगून त्या अडवता येणार नाहीत. प्रती काढायचा खर्च मात्र घेता येईल.

हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. वैद्याने रोग्याचं गुपित राखावं हा दंडक जुना आणि चांगला आहे. पण तो परक्यांसाठी होता. कालांतराने तीच कडी रुग्णाच्याच तोंडावर लावली जाऊ लागली होती. न्यायालयाने ती काढली.

आता सीमेची गंमत पाहा. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८२ पासून पणजीत आहे, म्हणून हा निकाल गोव्यालाही लागू. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, बडोदा १ मे १९६० पर्यंत. १९९६ मध्ये दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेबाहेर. म्हणजे त्या वर्षी बांबोळीत मिळणारा हक्क बेळगावात त्याच निकालाच्या जोरावर मागता येत नव्हता. ही तफावत भरून काढली ती २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने. आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यायचे, हा नियम देशभरातल्या डॉक्टरांना लागू झाला. न दिल्यास तो गैरवर्तनाचा प्रकार ठरतो.

घड्याळाचा प्रश्न

माझी उमेदीची वर्षं यंत्रांमध्ये गेली. ट्रान्सफॉर्मर एका सबस्टेशनातून दुसरीकडे हलवला की त्याची हिस्टरी शीट आणि टेस्ट रिपोर्ट त्याच्यासोबत जातात. कागद तीन दिवसांनी पाठवतो, असं तिथे कोणी म्हणत नाही, कारण कागदाशिवाय तो चालूच करत नाहीत. माणसाच्या बाबतीत आपण ही सवय लावून घेतलेली नाही.

याचं एक कारण या हक्काच्या इतिहासातच आहे. हे खटले बहुतेक मृत्यूनंतरचे. कागद मागायचा तो दोष कुणाचा हे ठरवायला. त्यामुळे दवाखान्याला प्रत मागणारा नातेवाईक म्हणजे उद्याचा फिर्यादी वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांना कागद हवा असतो तो माणूस जिवंत असताना, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्यासाठी किंवा हलवायचं की नाही हे ठरवण्यासाठी. तिथे ७२ तास फार होतात.

हा फरक कागदावर आला तो राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत. सतरा हक्कांच्या त्या सनदेने दोन वेगळ्या मुदती सुचवल्या. रुग्ण दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यावर ७२ तासांत. सरकारी रुग्णालयाला माहिती अधिकार कायदाही लागू आहे. एरवी त्याची मुदत ३० दिवस, पण माहिती कुणाच्या जीविताशी निगडित असेल तर ४८ तास. उलट २ ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या नव्या वैद्यक नियमांत ७२ तासांऐवजी कामकाजाचे पाच दिवस घातले होते. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चीच संहिता पुन्हा चालू झाली.

आधी रुग्ण, मग घर

आणखी एक गोष्ट आपल्या घरांबद्दल. ‘पेशंटला सांगू नका हं’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज येतं. कॅन्सरची फाइल मुलगा किंवा जावई उशाखाली नाही, कपाटात ठेवतो. २००२ च्या नियमात मात्र क्रम आहे. आधी रुग्ण आणि मग त्याने अधिकार दिलेला माणूस. दवाखान्याशी भांडून मिळवलेला कागद ज्याचा आहे त्यालाच घरात दाखवायचा नाही, हे कितपत बरोबर, याचाही विचार व्हायला हवा. भरती होतानाच, शुद्धीत असताना, आपल्या वतीने कागद कोणी घ्यायचे हे रुग्णाकडून लिहून घेतलं तर पुढचे बरेच घोळ टळतात.

मागणी नेहमी लेखी करावी, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, रिपोर्ट आणि स्कॅनची सीडीसुद्धा मागावी.

आणि मिळालेले कागद टाकू नयेत. दवाखान्यावर ते जपायची सक्ती तीनच वर्षांची आहे. त्यानंतर ते राहतात ते घरातल्या ट्रंकेत, जन्मपत्रिका आणि सातबाऱ्याच्या शेजारी. आजोबांना नेमकं काय झालं होतं, असं नातीचा डॉक्टर तिला कधीतरी विचारतो, तेव्हा उत्तर त्या ट्रंकेतच सापडतं.