माती न खाणारा मातीखाऊ

'माती खाणं' म्हणजे काय, हे ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको. रिलीजच्या आदल्या रात्री कुणीतरी प्रॉडक्शनवर भलतीच स्क्रिप्ट चालवतो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकच चर्चा, "खाल्ली माती!" पण जगात एक मासा असा आहे की ज्याच्या शास्त्रीय नावाचाच अर्थ 'माती खाणारा' असा होतो. जिओफेगस. ग्रीकमधून आलेला शब्द. आणि गंमत म्हणजे हा मासा माती खात नाही.

माझ्या पाच फुटी टँकमध्ये हे सहा जण आहेत. दिवसभर उद्योग एकच. तोंड वाळूत खुपसायचं, बचकभर वाळू तोंडात घ्यायची, जरा चघळल्यासारखं करायचं आणि मग कल्ल्यांतून ती भुरभुर खाली सोडून द्यायची. आजी सुपात तांदूळ पाखडायची ना, अगदी तसं. दाणा आत, खडा बाहेर. वाळूत दडलेल्या बारीक अळ्या, किडे, कुजलेला पालापाचोळा एवढंच त्याला हवं असतं. वाळूचे चार कण पोटात जातातही, पण भातात खडा आला म्हणून आपण काही दगड खाणारे ठरत नाही.

मग हे नाव आलं कुठून? त्यासाठी थेट व्हिएन्नाला जावं लागेल.

१८१७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाची मुलगी लिओपोल्डिना हिचं लग्न पोर्तुगालच्या राजपुत्राशी, डॉम पेद्रोशी झालं. राजपुत्र तेव्हा ब्राझीलमध्ये राहत होता. नवरीबरोबर सम्राटाने शास्त्रज्ञांची एक तुकडीही धाडली. (आपल्याकडे करवली जाते, त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ गेले. असो.) त्यात योहान नाटरर नावाचा तिशीतला एक माणूस होता. पुढे बाकीचे एकेक करून परतले, हा काही परत यायला तयार नाही. तब्बल १८ वर्षं तो ब्राझीलमधल्या नद्या आणि जंगलं पालथी घालत होता. तिथेच लग्नही केलं. १२ हजारांहून जास्त पक्षी, हजारो किडे आणि दीड हजारांहून जास्त मासे त्याने व्हिएन्नाला पाठवले.

हे मासे हातात पडले योहान याकोब हेकेल या संग्रहालयातल्या मत्स्यतज्ज्ञाच्या. त्याने १८४० मध्ये नाटररच्या माशांवर एक मोठा निबंध छापला. आज दुकानात दिसणाऱ्या एंजलफिशचा 'टेरोफायलम' आणि डिस्कसचा 'सिंफायसोडॉन', ही दोन्ही नावं त्याच निबंधातली. जिओफेगसही तिथलाच. एका निबंधात अर्धं अ‍ॅक्वेरियम! पण हेकेलपुढे होते ते स्पिरिटच्या बरण्यांतले मासे. स्पिरिटमध्ये रंग उडून जातात, आणि वागणं तर बरणीत येतच नाही. नद्यांवर १८ वर्षं काढलेला माणूस नाटरर. तो १८४३ मध्ये गेला. पुढे ऑक्टोबर १८४८ मध्ये क्रांती मोडायला सम्राटाच्या फौजेने व्हिएन्नावर तोफा डागल्या, राजवाड्याला आग लागली आणि त्यात नाटररच्या बऱ्याचशा नोंदी जळून गेल्या. बॅकअप नव्हता. ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं त्याचे कागद गेले, आणि ज्याने बरणी पाहिली होती त्याने दिलेली नावं उरली.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. कॉम्प्युटर सायन्समध्ये अवघड गोष्टी दोनच, एक कॅश इन्व्हॅलिडेशन आणि दुसरी नाव ठेवणं. (नावं ठेवणं मात्र सगळ्यांना जमतं. :)) या माशांचा इतिहास म्हणजे त्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तम उदाहरण आहे.

आता हेच बघा. हेकेलने यातल्या एका माशाचं नाव 'जुरुपारी' ठेवलं, आणि दुसऱ्याचं 'डेमॉन', म्हणजे सैतान. जुरुपारी हा वायव्य अ‍ॅमेझॉनमधल्या आदिवासींच्या कथांतला एक मोठा पुरुष, विधी आणि नियम घालून देणारा. मिशनऱ्यांनी तो सैतानच ठरवून टाकला. १८६२ मध्ये लंडनच्या ग्युंथरने यावर कळस चढवला आणि या गटाला नाव दिलं 'सॅटानोपर्का', सैतान मासा. आणि स्वभाव? गरीब गाय. शेजारच्या इवल्याशा टेट्रालाही सहसा त्रास देत नाही. दुसऱ्याच्या देवाबद्दलचा गैरसमज माशाच्या कपाळी आला, तो आजतागायत आहे.

त्याआधीचं नाव 'सुरिनामेन्सिस'. ते बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने १७९१ मध्ये दिलं. याच ब्लॉखने त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडच्या एका माशाचं नाव 'सुरतेन्सिस' ठेवलं होतं. हा म्हणजे केरळचा करीमीन, गोव्याचा कालुंदर. तोही याच सिक्लिड कुळातला. नाव सुरतेचं आणि मुख्य वस्ती केरळ-श्रीलंकेकडची! तर सांगायचं म्हणजे, 'सुरिनामेन्सिस' हे नाव पुढे इतकं पसरलं की दक्षिण अमेरिकेतले एकमेकांसारखे दिसणारे बरेच जिओफेगस त्याच एका फोल्डरमध्ये कोंबले गेले. १९८० च्या दशकात स्टॉकहोमच्या स्वेन कुलांडर यांनी ते सगळं उपसून वेगळं केलं. खरा सुरिनामेन्सिस फक्त सुरिनाम आणि फ्रेंच गयानातल्या काही नद्यांमध्ये राहतो. दुकानात त्या नावाने मिळणारा मासा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. २०१० मध्ये एका नव्या जातीला 'स्वेनी' हे नाव मिळालं, ते या कुलांडरसाहेबांवरूनच. हे नाव मात्र चुकीचं म्हणता येणार नाही.

आणि माझ्याकडचे सहा जण? दुकानात त्यांना 'तापाजोस रेड हेड' म्हणतात. तापाजोस ही अ‍ॅमेझॉनला मिळणारी एक मोठी नदी, निवळशंख पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची. हे मासे १९९० च्या दशकापासून युरोपातल्या घराघरांत पोहत होते. लोकांनी त्यांची पिल्लं वाढवली. पालक पिल्लांना तोंडात घेऊन सांभाळतात, हेही कितीतरी दिवाणखान्यांत पाहिलं गेलं. पण शास्त्राच्या वहीत त्यांचं नावच नव्हतं. ते मिळालं २०२२ मध्ये, 'पायरोसेफॅलस', आगीच्या रंगाच्या डोक्याचा. बरणीतून नाव मिळण्याऐवजी आधी काचेच्या टँकमध्ये ओळख झाली आणि मग बारसं. नाव एकदम चपखल बसलं यात आश्चर्य नाही.

आता कुणी हे मासे पाळायचं मनात आणलं असेल तर एवढंच सांगतो. नावावर जाऊ नका, माशाकडे बघा. बाजारात मिळणारी रंगीत खडी त्याला तोंडात घेता येत नाही. बांधकामाची क्रश सँड धारदार असते, तोंड आणि कल्ले सोलवटून निघतात. गुळगुळीत कणांची बारीक वाळू घ्यावी, पाणी निवळ येईपर्यंत धुवावी आणि दोन इंचांचा थर द्यावा. एकटादुकटा ठेवू नका, पाच-सहा जण तरी हवेत. पाणी २७-२८ अंश, आणि दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास बदलायचं. पाण्यातलं नायट्रेट वाढू दिलं तर याच्या डोक्यावर खड्डे पडायला लागतात. ज्याच्या डोक्यावरून नाव पडलं, त्याचंच डोकं आधी खराब होतं.

हे झालं घरातलं. बारसं झालं त्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, आल्टर दो शाऊं या गावापाशी तापाजोसचं ते निवळ पाणी चहासारखं गढूळ झालं. वरच्या अंगाला बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत, तिथला गाळ वाहून आला होता. तिथे सोनं वेगळं करायला पारा वापरतात. तोही नदीत जातो, अळ्या-किड्यांत जातो, त्यांना खाणाऱ्या माशांत जातो आणि मासे खाणाऱ्या माणसांत जातो. फिओक्रुझ या ब्राझीलच्या आरोग्यसंस्थेने २०१९ मध्ये तापाजोसकाठच्या मुंडुरुकु लोकांच्या गावांत तपासणी केली. तपासलेल्या प्रत्येकाच्या शरीरात पारा निघाला. दहापैकी साधारण सहा जणांत तो सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त होता. त्यांनी काय मोठा गुन्हा केला होता? रोजच्या जेवणात मासे खाल्ले, एवढाच.

पाखडणाऱ्याची सगळी भिस्त सुपात काय आहे यावर असते. खडा बाहेर टाकता येतो. अळीच्या अंगात मुरलेला पारा कल्ल्यांतून बाहेर टाकायची सोय निसर्गाने या माशाला दिलेली नाही, आणि ती मुंडुरुकु बाईच्या चुलीपाशीही नाही.

पावणेदोनशेहून जास्त वर्षं आपण या माशाला मातीखाऊ म्हणतोय. तो बिचारा प्रत्येक घास निवडून खातोय. माती खाणारे वेगळेच आहेत.