हेराल्ड आणि परशुरामचा घाट

एमआयडीसी येण्याआधीचे आपले लोटे आठवा. शाळा सुटली की हायवेच्या कडेला बसून आपण गाड्या ओळखायचो. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे वेड मला तिथेच लागले. ट्रायम्फ स्पिटफायर फक्त चित्रात पाहिलेली. आयातीवर बंधने, त्यामुळे मिळणे अशक्यच.

पण तिची थोरली बहीण इथेच बनत होती. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ साली ट्रायम्फ हेराल्ड ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून आणली. १९६२ची स्पिटफायर बांधली गेली ती याच हेराल्डची चासी आखूड करून. दोन्हींचे रेखाटन इटलीच्या मिकेलॉत्तींचे. दोन्हींचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट उलटते.

नोकरी लागल्यावर मी जुनी हेराल्ड घेतली. हिची मागची चाके वेगवेगळी हलतात. भर वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचे चाक आत दुमडू पाहते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधीच. परशुरामच्या घाटाने हे माझ्या पायांत भिनवले. पुढच्या गॅझेलला अखंड ॲक्सल आला. मी मात्र हेराल्ड सोडली नाही.

आता नजर साथ देत नाही. घाटात गाडी लेक चालवते आणि शेजारी बसून माझाच पाय वळणाआधी दाबला जातो. स्पिटफायर राहिलीच, पण मेळाव्याला हेराल्ड आणतोय. बॉनेट उघडून दाखवीन.