प्रेडनिसोलोनच्या गोळीची कुळकथा

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर 1948मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून हे द्रव्य वेगळं काढणारे एडवर्ड केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना 1950चं नोबेल मिळालं. दम्याच्या रुग्णांनाही कॉर्टिझोन लगेच दिलं जाऊ लागलं आणि 1955च्या सुमारास त्याच घराण्यातल्या प्रेडनिसोन, प्रेडनिसोलोन या गोळ्या आल्या. दुष्परिणाम पुढे वापरातून कळले, असं सहसा सांगतात. ते पुरतं खरं नाही. ग्रंथीचा अर्क भरपूर दिला की उंदरांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी सुकतात, हे ड्वाइट इंगल आणि याच केंडल यांनी 1937मध्येच दाखवलं होतं. बाहेरून आयतं संप्रेरक मिळालं की मेंदूकडून ग्रंथीला निघणारा आदेश थांबतो, आणि मग आजारपणात किंवा शस्त्रक्रियेत शरीर उघडं पडतं. गोळी एकदम बंद करू नये, हा नियम इथूनच आला.

ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, वाढलेली साखर, दबलेला क्षय पुन्हा उसळणं ही या गोळ्यांची किंमत फुप्फुसासाठी मोजावी का, याचं उत्तर आजारागणिक बदलतं. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडीचा जोर वाढल्यावर या औषधांचा आठ आठवड्यांचा कोर्स दोन आठवड्यांहून सरस ठरला नाही, हे 1999च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. 2013मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पाच दिवसही चौदा दिवसांइतकेच पुरले. फुप्फुसं घट्ट होत जाणाऱ्या आयपीएफमध्ये तर प्रेडनिसोन आणि प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन असलेल्या उपचारगटात मृत्यू वाढल्याचं 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. वर्षानुवर्षं याच उपचाराचा आधार वाटत होता, म्हणून हा निकाल फार जिव्हारी लागतो.

गोळीने धाप खरोखर कमी होते, मग ती का सोडायची, हा रुग्णाचा प्रश्न रास्त आहे. दम्यात सूज उतरते, हे खरंच. पण 1972पासून याच घराण्यातलं बेक्लोमेथासोन श्वासावाटे, मायक्रोग्रॅमच्या मात्रेत, थेट श्वासनलिकांत पोचवता येतं आणि त्यामुळे कित्येकांची रोजची गोळी सुटली. तीव्र दमा, फुप्फुसांत सुजेच्या बारीक गाठी करणारा सारकॉइडोसिस अशा काही आजारांत ती आजही लागते. तिथे मात्रा शक्य तितकी कमी हवी आणि हाडं, डोळे, साखर यांची तपासणी वेळोवेळी व्हायला हवी. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून ही गोळी आणत राहू नका, आणि हे वाचून आज रात्रीपासून बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा: मला ही अजून का लागते, आणि कमी कशी करायची?