मेंढा (लेखा)

गडचिरोली-धानोरा मार्गावर, जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले गोंड आदिवासींचे गाव. लोकवस्ती पाचशेच्या आसपास. लेखा गट-ग्रामपंचायतीत मोडत असल्याने नावापुढे ‘लेखा’ जोडले जाते.

सिरोंच्यापासून कोरचीपर्यंत पसरलेल्या या वनप्रधान जिल्ह्यात जंगल कोणाचे, हा जुनाच तंटा. कागदोपत्री ते वनखात्याचे, आदिवासींच्या लेखी पूर्वापार वहिवाटीचे. मेंढ्यापुरता या तंट्याचा निकाल गावाच्या बाजूने लागला, म्हणून या लहानशा वस्तीचे नाव देशभर झाले.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध झालेल्या आंदोलनातून गावाला आपल्या सामूहिक बळाची जाणीव झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देवाजी तोफा यांच्या या गावाची ओळख ठरली. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने येथे अभ्यासगट उभे राहिले. ग्रामसभेत निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. यात वेळ फार जातो, हे खरे. पण एकदा झालेला निर्णय मोडण्याचे कारण मग कोणालाच उरत नाही.

२००६च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाले. असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडूनच! १९२७च्या वन कायद्याने बांबूला वृक्ष मानले होते आणि नव्या कायद्याने गौण वनोपज. गवताच्या कुळातील या वनस्पतीला वृक्ष ठरवून तिच्यावरची मालकी राखण्याचा हा अट्टाहास दोन वर्षे चालला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

पुढे २०१३ मध्ये गावाने त्याहून धाडसी पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन खातेदारांनी आपल्या शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहतो. जमीन गावाबाहेर विकता मात्र येत नाही. विनोबांची ग्रामदान चळवळ इतिहासजमा झाल्यावर, तिच्याच नावाचा कायदा एका गोंड गावाने अशा रीतीने पुन्हा वापरात आणला.