आपलाच तोफखाना, आपलीच चौकी

आजचा विषय आहे शरीरावर फोड आणणारा आणि डोळ्यांनाही न सोडणारा आजार. सुरुवात मात्र जुन्या कलकत्त्यातून करू.

सन १८२३. ईस्ट इंडिया कंपनीने चार्ल्स एगर्टन या सर्जनला नेत्रवैद्य म्हणून बंगालात नेमले. तिथल्या लोअर ऑर्फन स्कूलमध्ये, म्हणजे लष्करी अनाथालयाच्या शाळेत, मुलांना डोळ्यांचे आजार जडले होते. त्यांची जबाबदारी एगर्टनकडे आली. पुढे त्याच्यासाठी शहरात डोळ्यांचे इस्पितळ निघाले. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातही त्याने काम केले.

त्या काळी फौजेला धास्ती होती ती संसर्गाची. इजिप्तच्या मोहिमेतून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांनी खुपऱ्यांसारखे आजार घरी आणले होते. खुपऱ्यांनी पापणीच्या आत व्रण पडतात, पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत या संकटातून मुक्त झाल्याचे मान्य केले.

पण केस आत वळले म्हणजे खुपऱ्याच, असे नाही. पेम्फिगॉइड नावाच्या आजारातही हेच दिसते, आणि तिथे बाहेरचा शत्रू नसतोच. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या पेशींवर मारा करते. आम्ही फौजी म्हणू, आपलाच तोफखाना आपल्याच चौकीवर गोळे टाकतोय.

अशा सगळ्या फोडांना पूर्वी सरसकट ‘पेम्फिगस’ म्हणत. १९५३ मध्ये वॉल्टर लेव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन आजार वेगळे केले. पेम्फिगसमध्ये त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. त्यात डोळे लाल होतात, पण नजर बहुधा वाचते. पेम्फिगॉइडमध्ये वरचा थर खालच्या थरापासून सुटतो. त्याच्या श्लेष्मल त्वचेवरच्या प्रकारात व्रण धरतो, खालची पापणी डोळ्याला चिकटू लागते, अश्रू आटतात आणि शेवटी बुबुळ पांढरे पडते. १९६४ मध्ये ब्युटनर आणि जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःवरच उलटलेली प्रतिपिंडे सापडली. तेव्हा तोफखाना कुणाचा, ते कळले.

म्हणून नुसते केस उपटून आणि थेंब घालून भागत नाही. हुकूम जिथून सुटतो तिथे बंदोबस्त लागतो : स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आणि अलीकडे रिटुक्सिमॅब. दाह शांत होण्याआधी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली, तर आजार भडकू शकतो. आणि पडलेला व्रण कुठलेही औषध पुसू शकत नाही. अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्णाच्याच दाताचा आधार देऊन डोळ्यात भिंग बसवतात. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ही शस्त्रक्रिया होते.

तेव्हा मंडळी, डोळ्यांची लाली महिनोन्‌महिने हटत नसेल, तोंडात वरचेवर फोड येत असतील, केस टोचत असतील, तर नेत्रतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांनाही गाठा. डोळ्याच्या आवरणाचा छोटा तुकडा तपासून निदान करता येते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात आज प्रादेशिक नेत्रसंस्था आहे. एगर्टनच्या हाती नव्हती ती साधने आता आहेत. फक्त तिथे वेळेत पोहोचायला हवे.

जय हिंद.