कॅश-आउट रिफायनान्स (भाड्याच्या घरांसाठी)

घरावरचे चालू गृहकर्ज फेडून त्याच घरावर आधीपेक्षा मोठे कर्ज काढायचे आणि वरची रक्कम रोख घ्यायची, ही अमेरिकेतील कर्जपद्धती. राहत्या घराच्या वाढलेल्या किमतीतून दुसरे घर घेऊन ते भाड्याने देण्यासाठी तिचा वापर होतो. भारतातील टॉप-अप कर्जात मूळ कर्ज सहसा तसेच चालू राहते. इथे ते बंद होते आणि नवा व्याजदर सगळ्या रकमेला लागतो.

हिशेबाची गोम इथेच आहे. समजा, घराची किंमत ४ लाख डॉलर आणि ३ टक्के दराचे २ लाखांचे कर्ज बाकी आहे. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या ‘फॅनी मे’ या संस्थेच्या नियमांनुसार एका कुटुंबाच्या राहत्या घरावर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३ लाख २० हजारांचे कर्ज मिळू शकते. जुने फेडून १ लाख २० हजार हाती येतात. त्यातूनच कर्जाचा खर्चही भागवायचा. नवा दर ७ टक्के असेल, तर वर्षाचे व्याज सुमारे ६,००० वरून २२,४०० डॉलरवर जाते. हाती आलेल्या पैशासाठी १६,४०० डॉलर जादा, म्हणजे खरा दर साडेतेरा टक्क्यांच्या वर! एवढा भार पेलणारे भाडे क्वचितच मिळते. तशाच ‘फ्रेडी मॅक’ या संस्थेच्या पाहणीत तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. स्वस्त कर्ज हाताशी असलेल्याने ते मोडण्याआधी त्याच घरावर दुय्यम तारणाचे वेगळे कर्ज मिळते का, हे जरूर तपासावे.

भाड्याने दिलेल्या घरावरही असे कर्ज मिळते, पण मर्यादा कमी: एका कुटुंबाच्या घराला ७५ टक्के, दोन ते चार घरांच्या इमारतीला ७०. पडके घर घ्यायचे, दुरुस्त करून भाड्याने द्यायचे, त्यावर कर्ज काढून पुढचे घ्यायचे, ही साखळी याच सोयीवर चालते. किमती घसरल्या की ती तुटते. २००८ च्या सुमारास अनेकांचे कर्ज घराच्या किमतीहून मोठे झाले होते. राहते घर तारण असेल, तर भाडेकरू निघून गेल्यावर तेच घर धोक्यात येते.

कर्जाची रक्कम उत्पन्न धरली जात नाही, म्हणून तिच्यावर प्राप्तिकर नाही. भाड्याच्या घरात गुंतवलेल्या भागाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. मात्र पैसा कुठे गेला हे दाखवावे लागते, म्हणून तो स्वतंत्र खात्यात ठेवावा. राहत्या घरावरचे असे कर्ज नव्या सावकाराकडून घेतल्यास कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येते. भाड्याच्या घरावरील कर्जाला ही सवलत नाही.