फ्रिजवरचा पत्ता

आई-बाबा पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले, तेव्हा तुम्ही बहुतेकांनी जे केलं असेल तेच मीही केलं. फ्रिजवर एक कागद चिकटवला. वर मोठ्या आकड्यांत ९११, खाली घराचा पत्ता इंग्रजीत आणि त्याखाली तोच देवनागरीत. आईने तो वाचून विचारलं, "फोन आपण इथूनच करणार ना? मग पत्ता त्यांना दिसत नाही?"

"दिसतो गं," म्हणत मी ऑफिसला निघून गेले.

तीन आठवड्यांनी बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. घरात दोघंच होते. आईने फोन उचलून ९११ लावला. पलीकडच्या बाईने पत्ता वाचून दाखवला, तो आम्ही चार महिन्यांपूर्वी सोडलेल्या अपार्टमेंटचा! भारतात मनसोक्त बोलता यावं म्हणून घेतलेला इंटरनेट फोनचा डबा मी जुन्या घरातून काढून नव्या घरात जोडला होता. फोन चालू झाला, पण पत्ता बदलायचा राहून गेला. आई "नो, नो" म्हणाली आणि कागदावरचा देवनागरी पत्ता एकेक अक्षर करत वाचत राहिली. अँब्युलन्स बरोबर घरी आली. बाबा आज ठणठणीत आहेत. चूक माझी होती, पण आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्यांना पत्ता दिसतो तरी कसा?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन केला होता, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेतच अडकून पडला. त्यातून झालेल्या चौकशीनंतर ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला.

अमेरिकेला त्यानंतर तीस वर्षं लागली. इथे पोलीस, आग, अँब्युलन्स यांचे नंबर वेगवेगळे आणि गाव बदललं की तेही बदलायचे. १९५७ मध्ये अग्निशमन प्रमुखांच्या राष्ट्रीय संघटनेने एकाच नंबरची मागणी केली. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानेही तीच शिफारस केली. जानेवारी १९६८ मध्ये एटी अँड टीने ९११ जाहीर केला. नंबर छोटा, लक्षात राहणारा, आणि तोवर कुठल्याही एरिया कोडला न दिलेला. पण पहिला मान मिळवला तो अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावाने. तिथल्या एका स्वतंत्र टेलिफोन कंपनीने चंग बांधला आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी राज्य विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी पहिला ९११ कॉल केला. पोलीस स्टेशनमधल्या लाल फोनवर तो काँग्रेस सदस्य टॉम बेव्हिल यांनी घेतला.

हेलीव्हिलमध्ये "कुठे?" हा प्रश्न सोपा होता. फोन गावातलाच, पोलीसही गावातलेच. मोठ्या शहरांत मात्र कॉल नेमक्या केंद्राकडे पोचवायला यंत्रणा लागली. १९७०च्या दशकापासून ती उभी राहत गेली. कॉलबरोबर फोन नंबर येतो, त्या नंबरावरून कंपनीच्या यादीत पत्ता शोधला जातो आणि तो पडद्यावर झळकतो. म्हणजे आईला मी दिलेलं उत्तर अर्धंच खरं होतं. त्यांना घर दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता फोन नंबर, आणि त्या नंबरापुढे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला पत्ता.

भिंतीला जोडलेल्या फोनसाठी हे उत्तम चाललं. मग मोबाइल आला आणि नंबराचा पत्त्याशी संबंधच तुटला. १९९६ मध्ये एफसीसीने मोबाइल कंपन्यांना कॉल करणाऱ्याचं ठिकाण कळवायला भाग पाडलं. पुढे अचूकतेचे जे निकष ठरले, ते तंत्रानुसार ५० ते ३०० मीटरचे होते. आपल्या एडिसनच्या किंवा फ्रीमाँटच्या अपार्टमेंट संकुलात ३०० मीटरच्या वर्तुळात किती दारं येतात, याचा विचार करून पाहा. शिवाय कॉल कुठल्या केंद्राकडे जायचा हे टॉवरवरून ठरायचं. काउंटीच्या सीमेवर राहणाऱ्याचा कॉल शेजारच्या काउंटीत लागायचा आणि तो परत वळवण्यात मोलाचा वेळ जायचा. २००५ मध्ये इंटरनेट फोनलाही ९११ सक्तीचा झाला, पण पत्ता ग्राहकाने स्वतः नोंदवायचा. माझी चूक नेमकी तिथे झाली.

आणखी एक गंमत आपल्या खास ओळखीची. ऑफिसच्या फोनवरून बाहेर जायला आधी ९, मग भारतासाठी ०११-९१. घाईत बोट घसरलं की थेट ९११! हाच ९ डिसेंबर २०१३ मध्ये टेक्ससमधल्या मार्शल गावी जिवावर बेतला. हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट हिच्यावर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवला, पण आधी ९ दाबायचा हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? कॅरी वाचली नाही. २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. नव्याने बसवल्या जाणाऱ्या ऑफिस-हॉटेलांच्या फोन यंत्रणेवरून थेट ९११ लागलाच पाहिजे, असं तो सांगतो.

आता या साऱ्या ठिगळांच्या जागी नवं वस्त्र विणायचं चाललं आहे, ते म्हणजे नेक्स्ट जनरेशन ९११. यात कॉल इंटरनेटच्या भाषेत येतो आणि येतानाच आपलं ठिकाण सोबत आणतो. कुठल्या केंद्राकडे जायचं हे टॉवर नव्हे, नकाशा ठरवतो. मेसेज, फोटो, व्हिडिओ पाठवायची सोय होते. एखादं केंद्र पुरात बंद पडलं तर कॉल दुसरीकडे वळवता येतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण देशात ५,७००हून अधिक केंद्रं आहेत आणि वर्षाला सुमारे २४ कोटी कॉल येतात. एक मिनिटही दुकान बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही. म्हणून जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवावी लागते आणि एकेक केंद्र तपासून नव्या जाळ्यावर आणावं लागतं. त्याआधीचं खरं किचकट काम नकाशाचं. एकच रस्ता दोन यादीत दोन स्पेलिंगांनी, नवी वसाहत नकाशावर नाहीच, असं सगळं निस्तरावं लागतं. या क्षेत्रातल्या नेना या संघटनेची शिफारस अशी की जुनी यादी आणि नवा नकाशा ९८ टक्के जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घाई का नको, हे एप्रिल २०१४ मध्ये दिसलं. कोलोरॅडोतल्या एका कॉल-वितरण केंद्रात सॉफ्टवेअरमधल्या मोजणीची कमाल मर्यादा संपली आणि सात राज्यांतले ६,६००हून अधिक कॉल कुठेच पोचले नाहीत. वॉशिंग्टन राज्यात तर सुमारे सहा तास हा गोंधळ चालला. सगळं एका ठिकाणी आणलं की सगळं एका ठिकाणी बंदही पडू शकतं.

दुसरी अडचण पैशाची. २०१८ मध्ये काँग्रेसला सादर झालेल्या अंदाजानुसार हा खर्च ९.५ ते १२.७ अब्ज डॉलरच्या घरात होता. तुमच्या फोन बिलावर ९११ची फी असते, ती पाहिली आहे कधी? ती काही राज्यांनी दुसरीकडेच वळवली. एफसीसीच्या अहवालांत त्याबद्दल न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क ही नावं वर्षानुवर्षं आली आहेत, आणि आपली मराठी माणसं तिथे किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. २०२४ मध्ये एफसीसीने दोन पावलं उचलली. मोबाइल कॉल टॉवरऐवजी प्रत्यक्ष ठिकाणावरून वळवायचे, आणि एखाद्या राज्याने किंवा काउंटीने "आम्ही तयार आहोत" असं रीतसर कळवलं की फोन कंपन्यांनी ठरावीक मुदतीत नव्या पद्धतीने कॉल द्यायचे. पण आधी तयार व्हायचं काम राज्यांचं आणि काउंट्यांचंच. तेव्हा काउंटीच्या बैठकीत कधी हा विषय निघाला तर तो "सरकारी काहीतरी" म्हणून सोडून देऊ नका.

आणि तोवर घरी एवढं करा. वाय-फाय कॉलिंगमधला आणि इंटरनेट फोनमधला पत्ता आजच तपासा. घर बदललं की दूध-भाजीच्या आधी तो बदला. पाहुण्या आई-वडिलांना "मराठी, इंडिया" एवढं सांगायला शिकवा. अनेक केंद्रांत फोनवरच दुभाषा जोडून देतात. चुकून ९११ लागला तर फोन ठेवू नका, चुकून लागला असं सांगा, नाहीतर ते उलट फोन करतात किंवा पोलीस दारात येतात.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले होते. आईच्या हातात आता स्मार्टफोन असतो. मी तिला नव्या यंत्रणेबद्दल सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण कागद राहू दे हं फ्रिजवर."

राहू दिला आहे.